रिसर्च प्रोजेक्ट मच्छीमार सोसायटीसोबत करायचाय, पण प्रश्न त्यांचा घेऊ की गाईडचा?

धानाची_बांधी | २४ जुलै, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली इथं नुसतं वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एम.ए. समाजशास्त्र, तिसरं सेम. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, गाव सांगत नाही. नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता रिसर्च प्रोजेक्ट कंपल्सरी झालाय, या सेमला ४ क्रेडिट आणि चौथ्याला ६. मागच्या सेमला फील्ड प्रोजेक्ट होता तेव्हा आम्ही दहा जण एका गावात गेलो, फॉर्म भरले, फोटो काढले, समोसे खाल्ले आणि परत आलो. ते गाव आता कोणत्या फायलीत बसलंय देव जाणे.

यावेळी म्हटलं नीट करू. बाजूच्या गावात ढिवर लोकांची मच्छीमार सोसायटी आहे, मामा तलाव ठेक्यानं घेतात. (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारी म्हणजे इकडची जुनी जमीनदारी. मालगुजारी गेली तरी तलावाच्या नावातला 'माजी' काही गेला नाही.) गाईडनी टॉपिक दिला, 'ढिवर समाजाचा सामाजिक व आर्थिक अभ्यास'. प्रश्नावलीपण तयारच, ८६ प्रश्न, मागच्या वर्षी कोणीतरी वीटभट्टी कामगारांवर केलेली, त्यातच शब्द बदलायचे. मी बदलले. सगळे नाही बदलले हे मला तिथं बसल्यावर कळलं, कारण प्रश्न ३१ होता 'भट्टीवर पिण्याच्या पाण्याची सोय आहे का?' आणि आम्ही सगळे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेलो.

सगळे हसले, मीपण हसले, काय करते. मग अध्यक्ष काकाजींनी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाले, "बाई, आमी गरीब आहोत हे आमाले मालूम आहे. ते मोजून तू का करशीन? त्याच्यापेक्षा हे सांग, दरसाल आमी बीज टाकतो, पैसे मोजतो, अन् उन्हाळ्यात जाळं टाकलं का मासोरी निघत नाही. बीज जाते कोठी?"

मी तेव्हापासून अडकलेय. गाईड म्हणतात हा झूऑलॉजीचा विषय आहे, आपला नाही. दुसरं म्हणजे सोसायटी १५ ऑगस्टच्या आसपास बीज (माशांची पिल्लं) सोडते आणि आमच्या सिनॉप्सिसची (प्रोजेक्टच्या आराखड्याची) मीटिंग सप्टेंबरात, म्हणजे मला परवानगी मिळेपर्यंत मासे तलावात. तिसरं, मी या लोकांचा वेळ घेणार तर पैसे द्यायचे असतात का? कोणी असं काम केलंय का इकडे?

---

सालेकसा_लोकल | २४ जुलै, रात्री ११.३२

प्रश्न ३१ ला सलाम. आमच्या कॉलेजात एकीच्या थिसिसमध्ये धन्यवादाच्या पानावर दुसऱ्याच गावच्या सरपंचाचं नाव राहिलं होतं आणि तो पास झाला. म्हणजे ती पास झाली.

---

एक_वऱ्हाडी | २५ जुलै, सकाळी ७.०५

ताई आमच्या गावात त आतापर्यंत तीन कॉलेज येऊन गेले. गाव दत्तक घेतलं म्हने. तिघायनंही संडास मोजले. पयले आले तवा सत्तर होते, तिसरे आले तवाबी सत्तरच, काहून का मंधात कोनी बांधलाच नाही. आता चौथं कॉलेज आलं त मी दारावरच आकडा लिहून ठेवतो.

---

मोहफूल | २५ जुलै, दुपारी १.४८

@धानाची_बांधी, मी गडचिरोलीकडे एका संस्थेत पंधरा वर्षांपासून आहे, दरवर्षी तुझ्यासारखे दहा-पंधरा विद्यार्थी येतात, त्यामुळे टेबलाच्या या बाजूनं सांगते. लांबण लागेल.

आधी तुझ्या काकाजींचं अभिनंदन, कारण बहुतेक ठिकाणी लोक असं तोंडावर बोलत नाहीत, चहा पाजतात, हो-हो म्हणतात आणि फॉर्ममध्ये काहीही सांगतात. तुला प्रश्न मिळालाय गं. आमच्याकडे मुलं येतात ती प्रश्न घेऊनच येतात, सिनॉप्सिस आधीच पास झालेली असते, संस्थेचं फक्त पत्र हवं असतं 'सहकार्य करण्यात येईल' असं. याला कोलॅबोरेशन म्हणत नाहीत, याला शिक्का म्हणतात.

आपल्याच भागात याच्या उलटं झालेलं आहे. गडचिरोलीतल्या सर्च या संस्थेचा शोधग्राममधला दवाखाना कसा उभा राहिला माहिती आहे ना? ती संस्था काढणाऱ्या डॉ. बंग दांपत्यानं आदिवासींना विचारलं दवाखाना कसा पाहिजे, तर लोक म्हणाले आमच्या घरांसारखा पाहिजे, मोठी पांढरी बिल्डिंग पाहून भीती वाटते, आणि नाव दंतेश्वरी मातेचं. तसाच बांधला, तेच नाव दिलं. आणि हीच माणसं १९८९ साली लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापत होती, दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून, ज्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि तोवर त्याबद्दल फारसं कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे लोकांना विचारून काम केलं की रिसर्च कच्चा होतो हा जो तुमच्या डिपार्टमेंटात समज असतो ना, तो सोडून दे.

दुसरं मेंढा-लेखा, गडचिरोलीतलंच एक गाव. सगळ्यांना तिथली 'आमच्या गावात आम्हीच सरकार' घोषणा माहीत असते, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला हेपण माहीत असतं, पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं गावात अभ्यास गट चालायचे हे फार जण विसरतात. निर्णय ग्रामसभेत आणि अभ्यास अभ्यास गटात, दोन्ही वेगळं. बाहेरचा माणूस आला तर तो त्या गटात बसायचा, बोलायचा, ऐकायचा. गावच अभ्यास करतंय आणि तू त्यात एक, असं. तुझी सोसायटी तेवढी तयार नसेल पण त्या पाळीवरच्या बैठकीत तू पाहुणी म्हणून बसायचं की अभ्यास गटातली एक म्हणून, हे तू ठरवू शकतेस.

आता तुझे प्रश्न. पैसे: माहितीचे पैसे देऊ नको, पण कोणाची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती भरून दे. एखाद्या बाईला दिवसभर तुझ्यासोबत फिरवलंस आणि दुपारी पोहे दिले, हे चालणार नाही. वेळ: भाताच्या रोवणीत जाऊ नको, आता जुलै-ऑगस्टात बाया सकाळी सहाला बांधीत असतात. मोह वेचायच्या वेळेला, म्हणजे मार्च-एप्रिलात, पहाटे घरी कोणी भेटत नाही, मेमध्ये तेंदूपत्ता. तुमच्या कॉलेजचं फील्डवर्क नेमकं त्याच महिन्यांत असतं, कोण आखतं ते टाइमटेबल कोण जाणे.

आणि एक कागद कर. वकिली नको, साध्या मराठीत दोन पानं. प्रश्न काय, कोण काय करणार, माहिती कोणाकडे राहणार, फोटो कुठं जाणार, रिपोर्ट आधी कोणाला वाचून दाखवणार. त्यावर तुझी, गाईडची, सोसायटीची सही. आमच्याकडून नेलेल्या थिसिसपैकी किती परत आल्या विचार. माझ्या कपाटात एक आहे, ती पण त्या मुलाच्या आईनं आणून दिली, मुलगा पुण्यात लागला म्हणून.

---

निवृत्त_मास्तर | २५ जुलै, रात्री ९.२०

मोहफूल यांच्याशी बहुतांश सहमत, पण थोडं पाणी ओततो. एकतीस वर्षं ग्रामीण कॉलेजात शिकवलं आहे.

गाईडला इतकं धोपटू नका. एकेका गाईडकडे पंधरा-वीस प्रोजेक्ट, त्यात इंटर्नल, नॅक (कॉलेजच्या मूल्यांकनाचं काम), परीक्षेची ड्यूटी. जुनी प्रश्नावली आळसामुळे येते तशी वेळ नसल्यामुळेही येते. (भट्टीचा प्रश्न मात्र आळस.)

मुद्दा असा की संस्था म्हणजे गाव नव्हे, आणि सोसायटी म्हणजे ढिवर समाज नव्हे. सोसायटीत सभासद कोण, जाळं कोण टाकतं, विकायला डोक्यावर टोपलं कोण नेतं? कागदावरचे सभासद आणि पाण्यातले सभासद एकच असतात का, हे बघ. अध्यक्षांनी विचारलेला प्रश्न हा अध्यक्षांचा प्रश्न आहे. त्यांच्या घरच्या बाईचा प्रश्न वेगळा असू शकतो. म्हणून सहकार्य म्हणजे संस्थेच्या कुशीत जाऊन बसणं नव्हे, उद्या तुला त्यांना न आवडणारं काही सापडलं तर? मोहफूल यांच्या दोन पानांत ही ओळ आजच टाका: निष्कर्ष आधी सोसायटीला दाखवू, त्यांचं म्हणणं त्यात छापू, पण खोडणार नाही.

झूऑलॉजीचा प्रश्न आहे हे गाईडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मग झूऑलॉजीची एक मुलगी धर ना सोबत! दोघींचे प्रोजेक्ट वेगळे, गाव एक, तलाव एक. तू बघ बीज कोण विकत घेतं, कोण मोजतं, कोण ठरवतं. ती बघेल बीज जगतं किती. दोन्ही डिपार्टमेंट एकाच कॉरिडॉरमध्ये असतात आणि तीस वर्षांत एकमेकांच्या खोलीत गेलेले नसतात.

परवानगीचं: सिनॉप्सिस सप्टेंबरात पास होऊ दे. ऑगस्टात तू गावची मुलगी म्हणून पाळीवर उभी राहून बघितलंस तर कोणतीही समिती तुला फाशी देत नाही, फक्त ते निरीक्षण 'प्राथमिक' म्हणून लिही आणि माणसांच्या मुलाखती परवानगीनंतरच कर. आरोग्याच्या संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कला शाखेतल्या लोकांनीही ती वाचावीत, कारण आपल्या बऱ्याच कॉलेजांत एथिक्स कमिटी म्हटलं की लोक रॅगिंग कमिटीकडे बोट दाखवतात.

---

कपाशी_बोंड | २६ जुलै, सकाळी ६.४०

यवतमाळ जिल्हा. माझं मत कडू आहे, माफ करा.

२०१७ मध्ये आमच्याकडे फवारणीतून विषबाधा झाली, माणसं मेली, तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्याच्यानंतर जी रीघ लागली. पत्रकार, संस्था, कॉलेजं, कंपन्या, सरकारी टीम. आमच्या शेजारच्या घरी धनी गेला, त्याच्या बायकोला त्या हिवाळ्यात किती जणांनी विचारलं असेल 'त्या दिवशी काय झालं ते सुरवातीपासून सांगा'. शेवटी ती इतकी पाठ झाली की रडायचं कुठं ते पण ठरलेलं. एका पोरीनं तिला विचारलं, ताई तुम्हाला झोप येते का. ती म्हणाली, तुम्ही यायचं बंद केलं का येईल.

तुमचा बीजाचा प्रश्न चांगला आहे, त्यात कोणी रडत नाही. पण जे विद्यार्थी शेतकरी आत्महत्या 'टॉपिक' म्हणून घेतात त्यांनी आधी तालुक्यात चौकशी करावी की याच घरी याआधी कोण येऊन गेलं, आणि त्यांचा रिपोर्ट मागावा. लिहिलेलंच असतं सगळं, कोणी वाचत नाही म्हणून पुन्हा विचारतात.

---

दूरदेशी_वाशीमकर | २६ जुलै, दुपारी ३.१५

@धानाची_बांधी, तुझ्या काकाजींनी जे केलं त्याच्यासाठी नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात अख्खी व्यवस्था उभी राहिली, त्याला 'सायन्स शॉप' म्हणतात, विज्ञानाचं दुकान. दुकान म्हणजे गिऱ्हाईक येतं तसं. मोहल्ला समिती, कामगार संघटना, पर्यावरणवाले, ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते विद्यापीठात येऊन प्रश्न टाकायचे, आमच्या नाल्याला वास का येतो, वगैरे, आणि विद्यार्थी तो प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात घेऊन सोडवायचे, मार्क त्यालाच. तिथून ते बऱ्याच देशांत गेलं.

आणि @कपाशी_बोंड, तुम्ही लिहिलं तसंच वैतागून दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन आचारसंहिताच काढली. त्यांच्यावर इतके अभ्यास झाले की शेवटी तेच म्हणाले, आदर ठेवा, खरं बोला, न्यायानं वागा, काळजी घ्या, आणि आमच्या ठरलेल्या पद्धतीनं परवानगी घेऊन या. बस. आपल्याकडे पेसा गावांच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथल्या) ग्रामसभा असं करू शकतात की.

---

एक_वऱ्हाडी | २६ जुलै, दुपारी ३.४०

वाशीमकर भाऊ, वाशीमातबी एक दुकान टाका. उधारी चालीन का?

---

धानाची_बांधी | १८ ऑगस्ट, रात्री १०.०२

अपडेट. झूऑलॉजीची मैत्रीण मिळाली! तिला 'तलावातील प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा) अभ्यास' मिळाला होता, ती एका पायावर तयार झाली. माझ्या गाईडनी 'मत्स्यबीज खरेदी व व्यवस्थापनातील निर्णयप्रक्रिया' असं काहीतरी जड करून मान्य केलं, तिच्या मॅडमनी तर लगेच हो म्हटलं आणि डिपार्टमेंटचा थर्मामीटर दिला. दोन पानांचा कागद केला, मास्तरांची ओळ टाकली. सेक्रेटरी भाऊंनी ती ओळ दोनदा वाचली, सही केली.

आधी मैत्रिणीनं मला शाळेतलंच शिकवलं ते सांगते, मला माहीतच नव्हतं. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे, वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तलावात ते अंडी देत नाहीत. म्हणून दरवर्षी हॅचरीतून, म्हणजे माशांची अंडी उबवतात तिथून, बीज आणावंच लागतं. अगदी बारीक पिल्लं ती आधी जिरे, मग बोटाएवढी वाढली की बोटुकली. जितकं मोठं बीज तितकं महाग आणि तितकं जास्त जगतं. लहान टाकलं तर मरळ वगैरे शिकारी मासे खाऊन टाकतात.

परवा बीज आलं. सकाळी येणार होता तो टेंपो दुपारी दीडला आला. प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या, आत थोडं पाणी, वर ऑक्सिजन. ऊन असं की पाळीवर चप्पल काढवत नव्हती. पोरांनी पिशव्या उतरवल्या, पाळीवरच ब्लेडनं फाडल्या आणि धडाधड तलावात ओतल्या, टेंपोवाला घाई करत होता ना. मैत्रीण ओरडतेय की पिशवी आधी तशीच बंद पाण्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, आतलं-बाहेरचं पाणी एका तापमानाला येऊ द्या, मग तोंड उघडा. ऐकतंय कोण. तीन पिशव्या कशाबशा वाचवल्या आम्ही.

त्यातली एक टपात ओतून चहाच्या गाळणीनं मोजली. एक गाळणी भरून पिल्लं मोजायची एकेक, मग एकूण किती गाळण्या ते मोजायचं. पाठ मोडली. आकडा इथं लिहीत नाही, पण बिलावर पिशवीमागे जो आहे तो आणि आमचा, यात बरंच अंतर आहे. एकच पिशवी मोजली म्हणा.

मग हापा लावला. हापा म्हणजे जाळीच्या कापडाचा चौकोनी पिंजरा, चार बांबूंना बांधून पाण्यात. शंभर बोटुकली मोजून आत सोडली, तिसऱ्या दिवशी किती जिवंत ते बघायचं. आज सकाळी बघायला गेलो तर हाप्यात एकही नाही. ना मेलेलं ना जितं. खाली कोपऱ्यात खेकड्यानं रुपयाएवढं भोक पाडलं होतं.

अध्यक्ष काकाजी पाळीवर बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "सापडलं का बाई, बीज कोठी जाते ते?"

---

सालेकसा_लोकल | १८ ऑगस्ट, रात्री १०.१५

खेकड्याला को-ऑथर करा.

---

निवृत्त_मास्तर | १९ ऑगस्ट, सकाळी ८.००

खेकड्याचं भोक थिसिसमध्ये लिही. कापू नकोस. फसलेला प्रयोग लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही म्हणून पुढचा विद्यार्थीही तोच हापा तिथंच लावतो.

---

मोहफूल | १९ ऑगस्ट, सकाळी ११.२६

हापा तळाला टेकू देऊ नका, वर उचलून बांधा. आणि अजून एक, अर्जुनी मोरगाव भागातच काही ढिवर सोसायट्यांनी तलावातली बेशरम (पाण्यात माजणारं झुडूप) काढून, उन्हाळ्यात कोरड्या भागाची नांगरट करून देशी पाणवनस्पती परत लावल्यात, माशांना खायला आणि लपायला. तुझ्या तलावात बेशरम किती आहे ते बघ. बीज टेंपोत मरत असेल, ब्लेडनं मरत असेल, पण जगलेलं पण राहणार कुठं हा प्रश्न आहेच. या गोष्टी म्हाताऱ्या लोकांना माहीत असतात, कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते ते.

---

धानाची_बांधी | १२ जानेवारी, रात्री ९.४५

खूप दिवस गायब होते, सेम तिसरं झालं, प्रोजेक्टला बरे मार्क आले.

हापा सप्टेंबरात बीजाची उरलेली खेप आली तेव्हा दुसऱ्यांदा लावला, उचलून बांधला, तो टिकला. दोन हापे लावले, एकात पिशवी तरंगवून सोडलेली बोटुकली, दुसऱ्यात सरळ ओतलेली. सरळ ओतलेल्यांत तिसऱ्या दिवशी निम्मीपण उरली नव्हती, तरंगवलेल्यांत बहुतेक होती. एकदाच केलंय, एकाच तलावात, त्यामुळे मैत्रीण 'सिद्ध झाले' म्हणू देत नाही, 'आढळले' म्हण म्हणते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सिनॉप्सिस पास झाल्यावर मी बायांशी बोलायला लागले. सोसायटीच्या बैठकीत एकही बाई नसते, सभासदही मोजक्याच, त्यापण नवरा गेल्यावर नावावर आलेल्या. बाजारात मासोरी घेऊन बसतात मात्र त्याच. एका आजीकडे गेले, ती सुपात काहीतरी निवडत होती. मी पिशवी, तापमान, ऑक्सिजन सगळं समजावून सांगितलं, मोठी शहाणी असल्यासारखी. ती मान वर न करता म्हणाली, "आमी मडक्यात आनत होतो बीज. पहाटे. मडकं आंगाले गार लागे. पाण्यात मडकं ठेवू, हात घालून पाहू, मंग वाकडं करू. आता टेंपो दुपारी येते, उकलत्या पाण्यात टाकते, मग मरन नाही त का होईन."

दोन महिने थर्मामीटर घेऊन जे शोधलं ते तिला माहीत होतं. मी विचारलं, आजी, मग बैठकीत सांगितलं का नाही? "मले कोन बलावते बैठकीत."

माझा अख्खा थिसिस त्या एका वाक्यात आहे, बाकीची ९० पानं मला भरायची आहेत.

आणि आता अडचण. मी सोसायटीची परवानगी घेऊन तीन वर्षांची बिलं बघितली. बीज कुठून घ्यायचं, किती, हे सेक्रेटरी भाऊ आणि अजून एक जण ठरवतात. पिशव्या मोजून घेतल्या जातात, आतलं बीज कोणी मोजत नाही. मी चोरी झाली असं म्हणतच नाहीये, कदाचित हॅचरीवालाच कमी भरत असेल, कदाचित वाटेत मरत असेल आणि खाली बसत असेल. पण हे लिहिलं की भाऊंकडे बोट जाणार. भाऊंनीच मला घरी जेवू घातलंय चार वेळा. भाभी माझ्यासाठी वेगळी भाजी करते, मी मासोरी खात नाही म्हणून (हो, हसा). काय करू?

---

कपाशी_बोंड | १३ जानेवारी, सकाळी ६.१५

लिहा. नाहीतर तुम्ही पण शिक्काच.

---

मोहफूल | १३ जानेवारी, दुपारी २.३०

लिही, पण आधी भाऊंना एकट्याला सांग. बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळलं तर तो माणूस कायमचा गेला, आणि पुढच्या वर्षी तू नसशील, भाऊ आणि बाकीचे मात्र एकाच गावात राहतील. हे विद्यार्थ्यांना कळत नाही, तुम्ही निघून जाता, भांडण इथंच राहतं. नाव नको, पद पण नको, 'खरेदीची जबाबदारी असलेले' एवढं लिही. गावात कळणारच, तो इलाज नाही. पण विद्यापीठाच्या लायब्ररीत तरी त्याचं नाव पडून राहायला नको.

आणि त्याचं म्हणणं घे. खरंच घे. पिशवी उघडून मोजायची तर टेंपोवाला थांबतो का, कोण मोजणार, उन्हात मोजता-मोजता अजून मरणार नाही का. त्याच्याकडे कारणं असतील.

---

निवृत्त_मास्तर | १३ जानेवारी, रात्री ८.५०

म्हणूनच ती ओळ टाकायला लावली होती.

---

धानाची_बांधी | २६ एप्रिल, रात्री ११.३०

शेवटचं अपडेट, थिसिस जमा, व्हायवा झाली.

भाऊंना सांगितलं फेब्रुवारीत. आधी काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले लिही, पण हेपण लिही की हॅचरीवाला उधारीवर देतो, सोसायटीकडे ऑगस्टात रोख नसते, ज्याची उधारी त्याची पिशवी कोण फोडून मोजणार. हे मला तीन वर्षांच्या बिलांत दिसलं नव्हतं. वेगळं प्रकरण झालं त्याचं, उधारीचं, माझ्या गाईडना तेच सगळ्यात आवडलं.

मग पाळीवर बैठक घेतली. थिसिस नाही वाचली, चार पानं वाचली मोठ्या अक्षरात, आणि मैत्रिणीनं ड्रॉइंग शीटवर दोन हापे काढले होते, किती जगले किती गेले, पिल्लू म्हणून हरभऱ्याचे दाणे चिकटवले. त्याच्याभोवती गर्दी. आजीला मी घरी जाऊन घेऊन आले होते, ती मागे बसली, बोलली नाही. अध्यक्ष काकाजींनी तिला विचारलं, बाई तू सांग मडक्याचं. तिनं सांगितलं. उधारीचा भाग आला तेव्हा भाऊ उठून गेले, तंबाखू थुंकायला म्हणून, परत आले नाहीत. वाईट वाटलं खूप. दुसऱ्या दिवशी मात्र भाभीनं फोन केला, जेवायला ये, भाऊच म्हणतायत. गेले. कोणी विषय काढला नाही.

ठरलं एवढंच की औंदा टेंपो सकाळी आठच्या आत आला तरच उतरवायचा, पिशव्या तरंगवायच्या, आणि पाच पिशव्यांतली एक मोजायची, मोजायला दोन बाया. सांडव्याला जाळी लावायची पण चर्चा झाली, मोठ्या पावसात बीज तिकडून पण जातं, पण त्यात पैसे लागतात तर ते पुढे ढकललं. बेशरम काढायचं कोणी मनावर घेतलं नाही.

व्हायवात बाहेरच्या सरांनी विचारलं, याच्यात समाजशास्त्र कुठं आहे? मी म्हटलं, सर, मडक्यात. ते हसले नाहीत. मार्क दिले.

थिसिसची एक प्रत सोसायटीच्या पेटीत आहे, ठेक्याच्या कागदांसोबत. मी स्वतः ठेवली.

---

तुमसर_चौक | २ मे, दुपारी १२.०५

ताई, मी एम.एस्सी. पर्यावरण, दुसरं सेम, भंडारा. आमच्याकडच्या एका सोसायटीला तुमचा धागा वाचून दाखवला, ते म्हणतात आमचंपण मोजा. हाप्याचं कापड कुठून घेतलं तुम्ही आणि किती लागतं?

---

धानाची_बांधी | २ मे, रात्री ९.१०

अरे वा! नायलॉनच्या मच्छरदाणीचं कापड घे, सुती घेऊ नको, सुतीला दोन दिवसांत शेवाळ धरतं आणि पाणी आत-बाहेर होत नाही. शिलाई दुहेरी मार, कोपऱ्यांना जास्त. दोन हाप्यांना किती मीटर लागलं ते मैत्रिणीच्या वहीत आहे, उद्या टाकते. आणि खेकड्यासाठी एक जास्तीचा शिवून ठेव. आणि आधी त्यांच्याकडे मडक्यात बीज आणणारं कोणी उरलंय का ते विचारून ये, मग कापड घे.